आधारपेशीचा इतिहास : पाव्हिया ते नूझिली

लोंबार्डीचा प्रांत १८५९ साली ऑस्ट्रियाच्या अंमलातून सुटला आणि दोनच वर्षांनी इटलीचे एकछत्री राज्य जाहीर झाले. त्या धामधुमीच्या काळात पाव्हियाच्या प्राचीन विद्यापीठात वैद्यकाचे अध्ययन करणाऱ्या तरुणांची एक पिढी अशी निघाली, की राष्ट्राच्या मुक्तीचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सृष्टीचा ध्यास तिला एकाच वेळी लागला होता. मज्जापेशी रौप्यक्षारांनी रंगवून त्यांचे स्वरूप जगाला दाखवणारे कामिल्लो गोल्जी हे याच पिढीतले; आणि ज्या वर्षी, म्हणजे १८६५ साली, गोल्जींना पाव्हियाची पदवी मिळाली, त्याच वर्षी आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या सोंद्रियो गावी १८४२ साली जन्मलेले एन्रिको सर्टोली हेही त्या विद्यापीठाचे पदवीधर झाले. गोल्जींना पुढे नोबेल पारितोषिक लाभले आणि त्यांची कीर्ती दिगंत पसरली. सर्टोलींच्या वाट्याला तेवढा लौकिक आला नाही. परंतु विद्यार्थिदशेत त्यांनी जी एक पेशी पाहिली, तिचा इतिहास सव्वाशेहून अधिक वर्षे लांबत गेला, आणि तो बहुतांशी गोठ्यातील, मेंढवाड्यातील व कत्तलखान्यातील जनावरांच्या साक्षीने लिहिला गेला, हे मला अतिशय महत्त्वाचे वाटते.

वृषणाच्या आत परस्परांत गुंफलेल्या सूक्ष्म नलिकांचा समुदाय असतो आणि शुक्रजंतू या नलिकांतच तयार होतात, एवढे ज्ञान त्या काळच्या शरीरशास्त्रज्ञांना होते. पण नलिकेच्या भिंतीलगत जी पेशींची दाटी दिसे, तिच्यातील गोल पेशींहून निराळे असे तिथे काही असेल, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. एउसेबियो ओएल यांच्या प्रयोगशाळेत मानवी वृषणाचे सूक्ष्म परीक्षण करीत असता सर्टोलींना त्या दाटीत वेगळ्याच जातीची पेशी आढळली. तिचे बूड नलिकेच्या भिंतीवर पक्के रोवलेले, अंग निमुळते होत पोकळीच्या दिशेने गेलेले, कडा अस्पष्ट, आत मेदाचे कण, आणि दोन्ही बाजूंस इतक्या शाखा फुटलेल्या, की तिची हद्द कोठे संपते व शेजारणीची कोठे सुरू होते हे ठरवणे अवघड व्हावे. तेवीस वर्षे वयाच्या या विद्यार्थ्याने आपले निरीक्षण ‘इल मोर्गान्यी’ या नियतकालिकात त्याच वर्षी प्रसिद्ध केले, या शाखायुक्त पेशींचे आकार बारकाईने रेखाटले, आणि शुक्रजंतूंच्या उत्पत्तीशी त्यांचा संबंध असला पाहिजे, असे अनुमानही निर्भयपणे मांडले.

पुढील दोन-तीन वर्षे त्यांच्या आयुष्यात स्थैर्य नव्हते. व्हिएन्नात एर्न्स्ट ब्रूके यांच्यासारख्या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञापाशी शिक्षण चालू असतानाच १८६६ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यांत युद्ध पेटले, आणि ज्या साम्राज्याच्या राजधानीत हा तरुण विद्या घेत होता त्याच साम्राज्याच्या फौजेविरुद्ध स्टेल्वियोची खिंड राखण्यासाठी तो स्वदेशी परतला. युद्ध मिटल्यावर ट्यूबिंगेन येथे हॉप्पे-झायलर यांच्या हाताखाली त्यांनी रसायनाचा अभ्यास केला. अखेर १८७० साली मिलान येथील शाही पशुवैद्यक विद्यालयात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि १९०७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते विद्यालय सोडले नाही. १९१० साली जन्मगावीच त्यांचा अंत झाला. मानवी वृषणात ज्यांनी ही पेशी प्रथम पाहिली त्यांचे उभे आयुष्य घोडे, गाई, बैल यांच्या वैद्यांना घडवण्यात गेले, हा योगायोग नुसता चमत्कारिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कारण पुढे या पेशीची सर्व महत्त्वाची रुजुवात पशुवैद्यकाच्याच प्रांतात व्हावयाची होती.

मध्यंतरी एक वाद माजला. १८७१ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ मेर्केल यांनी या पेशी केवळ आधार देणाऱ्या, म्हणजे आधारपेशी, आहेत असे प्रतिपादन केले, आणि त्याच वर्षी व्हिक्टर फोन एब्नर यांनी नेमका उलट पक्ष घेतला : शुक्रजंतूंची डोकी या उंच पेशींच्या अंगात रुतलेली दिसतात, तेव्हा शुक्रजंतू यांच्यापासूनच जन्म घेतात, असे त्यांचे म्हणणे. दिसण्यावरून अनुमान काढले तर एब्नर यांचे म्हणणे कोणालाही पटावे. कारण भिंतीतल्या कोनाड्यांत पणत्या ठेवाव्यात तशा वाढत्या शुक्रपेशी या मोठ्या पेशीच्या खोबणींत बसलेल्या असतात. सर्टोलींनी १८७८ च्या सुमारास मिलानहून आपला विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि नलिकेतील पेशींचे स्थिर व चल असे दोन वर्ग पाडून वादाचा निकाल लावला. चल पेशी विभागत, बदलत, भिंतीकडून पोकळीकडे सरकत अखेर शुक्रजंतू होतात. स्थिर पेशी जागच्या हलत नाहीत आणि शुक्रजंतूंना जन्मही देत नाहीत, तर त्यांचा सांभाळ करतात. पुढे एब्नर यांनी आपले मत सोडले, आणि १८८८ साली या पेशीला सर्टोलींचे नाव देण्याचा मानही त्यांच्याकडेच जातो. प्रतिपक्ष्याच्या नावाने सिद्धांत मान्य करण्याचा हा उमदेपणा विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा आढळत नाही.

अशा रीतीने पेशीला नाव मिळाले, तरी ती कोठून येते, गर्भात केव्हा प्रकट होते आणि तिच्या हाती नेमकी कोणती सत्ता आहे, हे प्रश्न तसेच राहिले. त्यांची उकल ज्या वाटेने झाली ती वाट वृषणाच्या अभ्यासकांनी आखलेली नव्हती. ती निघाली एका वांझ कालवडीच्या कोड्यातून.

गाईला जुळे झाले आणि त्यात एक गोऱ्हा व एक कालवड असेल, तर ती कालवड बहुधा कधीच गाभण राहत नाही, ही गोष्ट इंग्लंडच्या पशुपालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, आणि अशा कालवडीला ते फ्रीमार्टिन म्हणत. लंडनचे प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी अशा जनावरांचे शवविच्छेदन करून १७७९ साली रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत त्याचा वृत्तांत दिला. बाहेरून कालवड दिसणाऱ्या या प्राण्याच्या पोटात गर्भाशय खुंटलेला, आणि अंडाशयाच्या जागी कधी कधी वृषणासारखा भासणारा पिंड, असे ते विलक्षण चित्र होते. हंटर यांच्यापाशी उत्कृष्ट शस्त्र होते, अलौकिक निरीक्षणशक्ती होती. नव्हता तो गर्भविज्ञानाचा आधार. म्हणून त्यांचे वर्णन सव्वाशे वर्षे दप्तरात पडून राहिले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि तेही एकाच वेळी दोन ठिकाणी. व्हिएन्नात टांडलर व केलर यांनी १९११ साली या जुळ्यांच्या वारा तपासल्या. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाचे फ्रँक लिली यांनी हाच प्रश्न हाती घेतला, आणि शिकागोइतकी सोयीची जागा त्यासाठी पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नव्हती. कारण त्या शहरातील प्रचंड कत्तलखान्यांत रोज हजारो जनावरे येत, आणि त्यांतल्या गाभण गाईंचे गर्भाशय जसेच्या तसे शास्त्रज्ञाच्या टेबलावर पोचवण्याची तजवीज होऊ शकत होती. लिलींनी जुळे असलेले गर्भाशय एकामागून एक उघडले. प्रथम त्यांनी असे दाखवले, की गाईच्या दोन्ही अंडाशयांवर पीतपिंड असतात, म्हणजे दोन्ही गर्भ निरनिराळ्या बीजांडांपासून झालेले असतात, आणि कालवड ही खरोखर मादीच असते. मग दोन्ही गर्भांची आवरणे एकमेकांना जुळून त्यांच्या रक्तवाहिन्यांचा परस्परांत संगम झालेला त्यांना आढळला. जिथे असा संगम झालेला नव्हता, तिथे कालवड निर्दोष होती. १९१६ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला : नराचे वृषण मादीच्या अंडाशयाआधी आकार घेते, त्यातून काही द्रव्य रक्तात उतरते, आणि सामाईक रक्ताच्या वाटेने ते बहिणीच्या शरीरात शिरून तिचे जननेंद्रिय जन्मापूर्वीच बिघडवते.

संप्रेरके ही कल्पना त्या वेळी अगदी नवी होती. गर्भावस्थेतील एक अवयव दूरच्या दुसऱ्या शरीरातील अवयवाची घडण बदलतो, असे म्हणणे म्हणजे मोठे धाडस होते. लिलींनी ते केवळ कत्तलखान्यातून आलेल्या सामग्रीच्या बळावर केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो. रक्ताच्या संगमाची त्यांची साक्ष पुढे दुसऱ्याच दिशेने बळकट झाली. विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांनी १९४५ साली दाखवून दिले, की गाईच्या भिन्न जुळ्यांच्या शरीरात एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर नांदतात. या एका निरीक्षणातून परकी ऊती शरीराने का स्वीकारावी वा नाकारावी याचे अख्खे शास्त्र उभे राहिले. पण तो इतिहास येथे सांगण्याचा नाही.

लिलींच्या सिद्धांतात एक उणीव होती. वृषणातून पाझरणारे ते द्रव्य म्हणजे वृषणाचे पौरुषजनक संप्रेरकच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ते शुद्ध स्वरूपात उपलब्ध झाल्यावर गाभण गाईंना ते देऊन पाहण्यात आले, तेव्हा मादी गर्भाच्या बाह्यांगावर नराची चिन्हे उमटली, पण गर्भाशय खुंटला नाही आणि अंडाशयही नष्ट झाला नाही. याचा अर्थ फ्रीमार्टिनचा कर्ता दुसराच कोणी होता.

त्या दुसऱ्याचा माग काढला तो पॅरिसच्या आल्फ्रेड जोस्त यांनी. महायुद्धाने जर्जर झालेल्या फ्रान्समध्ये, अपुऱ्या साधनांनी, त्यांनी सशाच्या गर्भावर शस्त्रक्रिया करण्याचे जे कौशल्य संपादन केले त्याचे वर्णन वाचताना आजही विस्मय वाटतो : आईच्या पोटात गर्भ जिवंत असताना त्याची जननग्रंथी काढावयाची, पोट शिवावयाचे, आणि गर्भ पूर्ण वाढू द्यावयाचा. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी असे सिद्ध केले, की जननग्रंथी काढलेला गर्भ, मुळात नर असो की मादी, मादीच्याच आकाराने वाढतो. प्रत्येक गर्भात आरंभी दोन जोड्या नलिका असतात. त्यांपैकी जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडी मादीत गर्भाशय होते आणि नरात विरून जाते. वृषण काढलेल्या नरगर्भात ती विरली नाही. पौरुषजनक संप्रेरकाचा स्फटिक गर्भात ठेवला तरी ती विरली नाही. वृषणाचा तुकडा शेजारी ठेवला, तेव्हा मात्र ती त्या बाजूस विरली. वृषणाच्या हाती दोन हुकूम आहेत, त्यांतला एक घडवण्याचा आणि दुसरा मिटवण्याचा, आणि दोन्ही निरनिराळ्या द्रव्यांनी बजावले जातात, हे जोस्त यांचे अनुमान पुढे अक्षरशः खरे ठरले.

पुढची हकीकत नाताली जोसो या बालवैद्य विदुषींची. मिटवणारे द्रव्य कोणती पेशी बनवते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि त्यासाठी वासरांच्या गर्भांकडे धाव घेतली. कारण सशाचे वा उंदराचे गर्भवृषण इतके चिमुकले, की त्यातून रसायन वेगळे काढणे अशक्यप्राय, तर वासराच्या गर्भाचे वृषण चांगले मोठे आणि खाटकांकडून हवे तितके मिळण्याजोगे. त्यांची परीक्षेची रीत साधी पण नामी होती : उंदराच्या गर्भातील म्युलरची नलिका काचपात्रात ठेवावयाची, तिच्याजवळ वासराच्या वृषणाचा निरनिराळा भाग ठेवावयाचा, आणि नलिका टिकते की विरते हे पाहावयाचे. १९७४ साली जोसो आणि त्यांच्या सहकारी ब्लांशार यांनी वासराच्या गर्भातील आधारपेशी वेगळ्या वाढवून दाखवल्या, आणि नलिका विरवणारे द्रव्य तिथूनच येते हे निर्विवाद झाले. दहा वर्षांनी त्यांचे सहकारी पिकार यांनी ते शुद्ध स्वरूपात अलग केले. १९८६ साली गाईच्या व माणसाच्या त्या द्रव्याचे जनुकही हाती आले. अमेरिकेत बॉस्टनच्या पॅट्रिशिया डोनाहो यांचा गट नवजात वासरांच्या वृषणांवर काम करीत त्याच स्थळी पोचला होता. शेवटची कडी १९८७ साली विजिए, जोसो प्रभृतींनी जुळवली. वासराच्या वृषणातून काढलेले ते शुद्ध द्रव्य उंदराच्या गर्भाच्या अंडाशयावर घालताच त्यातील बीजपेशी नष्ट झाल्या आणि त्यात नलिकांसारखी रचना दिसू लागली. म्हणजे हंटरांच्या कालवडीच्या पोटात जे घडले होते, तेच काचपात्रात पुन्हा घडले.

यावरून आधारपेशीचे जे चरित्र हाती आले ते असे : गाईच्या गर्भात साधारणतः सहाव्या-सातव्या आठवड्यात, बाहेरून नर-मादीत काही भेद दिसण्यापूर्वी, जननग्रंथीतल्या विखुरलेल्या पेशी बीजपेशींभोवती गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि दोरांसारख्या रांगा बनवतात. जोस्त आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भांच्या छेदांतून असे दाखवले होते, की वृषणात वृषणपणाची पहिली खूण हीच, आणि नवल म्हणजे रांगा बनवण्याचे काम बीजपेशी नसल्या तरी अडत नाही. पौरुषजनक संप्रेरक बनवणाऱ्या, रांगांच्या बाहेरच्या पेशी त्यानंतर उगवतात. जिला मेर्केलनी केवळ टेकू मानले, ती संपूर्ण अवयवाची आद्य संस्थापक ठरली.

तिला हा अधिकार कोण देते, हे १९९० साली कळले. लंडनमधील दोन गटांनी, गुडफेलो आणि लव्हेल-बॅज यांच्या नेतृत्वाखाली, वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक शोधले. पुढच्याच वर्षी ते मादी उंदराच्या गर्भात घालताच तो उंदीर नर म्हणून वाढला. हे जनुक ज्या पेशीत आपला प्रभाव गाजवते ती आधारपेशीच. उंदरावरील हा इतिहास सर्वत्र सांगितला जातो, म्हणून मी तो येथे आवरतो; त्याला जी विलक्षण पुरवणी शेळीने जोडली तिची मात्र सविस्तर नोंद घेतलीच पाहिजे.

युरोपातील सानेन जातीच्या शेळ्या पाळणाऱ्यांना बिनशिंगी जनावरे पसंत असत, कारण ती एकमेकांना व माणसाला इजा करीत नाहीत. परंतु बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांचा सतत संकर करीत गेल्यास कळपात ना नर ना मादी अशी करडे वाढू लागत. अमेरिकेचे ॲस्डेल यांनी १९४४ साली कळपांच्या नोंदींतील नर-मादींचे प्रमाण तपासून असे दाखवले, की ही करडे आनुवंशिकदृष्ट्या मादी आहेत, आणि हा दोष शिंगे न येण्याच्या गुणाशी निगडित असावा. हे कोडे आणखी अर्धशतकाहून अधिक काळ तसेच राहिले. २००१ साली फ्रान्समधील झुई-आं-जोसास येथील पायू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ शोधले : एका गुणसूत्रावरील सुमारे ११,७०० अक्षरांचा एक तुकडा बिनशिंगी शेळीत गळून पडलेला असतो, आणि तो नसल्यामुळे अंडाशय राखणारे शेजारचे एक जनुक मुके होते. तसे झाले, की वाय गुणसूत्राचा मागमूसही नसलेल्या गर्भात आधारपेशी उभ्या राहतात, रांगा बनतात, वृषण तयार होते. या वृषणात शुक्रजंतू होत नाहीत, तरी अवयवाची घडण पूर्ण असते. वृषण हा नरगर्भाचा उपजत हक्क नसून त्याच पेशी दोन मार्गांच्या फाट्यावर उभ्या असतात आणि कोणत्या बाजूचा हुकूम लवकर पोचतो त्यावर निवाडा होतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही प्राण्याने सांगितलेली नाही.

गर्भातील पर्व येथे संपते. पण जन्मल्यावर गोऱ्ह्याच्या अंगात या पेशीचे दुसरे पर्व सुरू होते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. त्याचे इतिहासकार झाले फ्रान्सच्या तूर शहराजवळील नूझिलीच्या कृषिसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ओर्ताव्हां यांनी १९५०च्या दशकात किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून मेंढ्याच्या शुक्रनिर्मितीला किती दिवस लागतात याचा हिशेब मांडला. आणि त्यांच्या पाठोपाठ कूरो यांनी कोकरे आणि गोऱ्हे यांच्या वृषणांचा जन्मापासून प्रौढपणापर्यंतचा पाठपुरावा केला. अत्ताल आणि कूरो यांचा वळूविषयीचा निबंध १९६३ सालचा. त्यात जे दिसले ते साधे, पण दूरगामी आहे. लहान गोऱ्ह्याच्या नलिका भरीव असतात, त्यांत पोकळी नसते, आणि आत बहुतेक सर्व पेशी अपक्व आधारपेशीच असतात. या पेशी पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने विभागतात, आणि मग, पाच-सहा महिन्यांच्या वयाच्या आसपास, विभागणे थांबवतात. त्यांचे केंद्रक मोठे व अनियमित आकाराचे होते, नलिकेला पोकळी येते, शुक्रपेशींची पहिली पिढी वाटचाल सुरू करते, आणि म्युलरची नलिका विरवणारे ते गर्भावस्थेतले द्रव्यही हळूहळू ओसरते. वळूच्या शरीरातील आधारपेशींची ही शिरगणती एकदाच होते. प्रौढपणी त्यात भर पडत नाही.

ही शिरगणती ठरवते कोण? कूरो यांनी कोकरांची मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी काढली, तेव्हा आधारपेशींची वाढ व पक्वता थबकली; ग्रंथीची संप्रेरके बाहेरून दिली, तेव्हा ती पुन्हा चालू झाली. अमेरिकेच्या जोअन ऑर्थ यांनी पुढे उंदरांत दाखवले, की या संप्रेरकांपैकी पुटक-उद्दीपक संप्रेरक हेच विभाजनाची मुख्य प्रेरणा आहे. १९८८ साली त्यांनी नवजात उंदरांना विभाजन रोखणारे औषध देऊन आधारपेशींची संख्या निम्म्याहून खाली आणली, तेव्हा प्रौढपणी शुक्रपेशीही त्याच प्रमाणात घटलेल्या आढळल्या. एक आधारपेशी ठराविकच शुक्रपेशी सांभाळू शकते. तेव्हा वळू रोज जे काही अब्ज शुक्रजंतू तयार करतो, त्यांची कमाल मर्यादा तो दुधावर असतानाच पडून गेलेली असते.

विभागणे थांबते त्याच सुमारास दुसरी एक रचना उभी राहते, आणि तिचा शोध मेंढ्याने लावून दिला. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बॅब्रहॅम येथे सेचेल, वेट्स आणि फोग्लमायर यांनी १९६६ च्या सुमारास शुद्धीवर असलेल्या मेंढ्याच्या वृषणातून बाहेर पडणारा द्रव थेट नळीने गोळा करण्याची कला साधली. तो द्रव रक्तासारखा नव्हता, लसिकेसारखाही नव्हता. त्यात ग्लुकोज जवळजवळ नाही, आणि इनॉसिटॉल मात्र विपुल. रक्तात सोडलेली अनेक द्रव्ये लसिकेत तत्काळ उतरत, पण या द्रवात उतरत नसत. १९६९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की रक्त आणि नलिकेचा अंतर्भाग यांच्यामध्ये एक कडक नाकेबंदी आहे. पुढच्याच वर्षी डिम आणि फॉसेट यांनी उंदराच्या वृषणाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून ती नाकेबंदी शेजारच्या दोन आधारपेशींच्या घट्ट सांध्यांत आहे हे दाखवले. निम्म्या गुणसूत्रांच्या नव्या पेशी शरीराला परक्या वाटून त्यांचा नाश होऊ नये, आणि त्यांना हवे तेवढेच पोषण मिळावे, हा सारा बंदोबस्त या सांध्यांवर अवलंबून आहे.

आधारपेशींची शिरगणती एकदाच होते, या नियमाला डुकराने एक अपवाद जोडला. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते येथील लुईस फ्रांसा यांनी २००० साली दाखवले, की डुकराच्या आधारपेशी दोन वेळा जोमाने वाढतात : एकदा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि पुन्हा तीन-चार महिन्यांच्या वयात, वयात येण्याच्या अगदी उंबरठ्यावर. चीनच्या मैशान जातीचे डुक्कर मात्र फार लवकर वयात येते. त्याच्या आधारपेशी लवकर पक्व होतात, संख्येने कमी राहतात, आणि त्याची वृषणेही लहान. घाईने आलेल्या पक्वतेची किंमत शरीर अशा रीतीने वसूल करते.

आपल्या महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली संस्था उभारली तेव्हापासून गोठवलेल्या वीर्याचा प्रसार खेडोपाडी झाला, आणि एका वळूच्या वीर्यावर हजारो गाईंच्या संततीचे भवितव्य अवलंबून राहू लागले. त्या वळूची निवड करताना त्याच्या मातेचे दूध पाहतात, त्याची अंगकाठी पाहतात, वृषणकोशाचा घेर मोजतात. पण जो गोऱ्हा पुढे वळू व्हावयाचा, त्याच्या वाट्याचे दूध पहिल्या महिन्यांत विकले जाते, कारण गोऱ्ह्याची किंमत त्या वेळी कोणाला दिसत नाही. मला याविषयी फार कळकळ वाटते.

कॅनडाच्या लेथब्रिज येथील ब्रिटो, कास्टेलिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोऱ्ह्यांना दहाव्या आठवड्यापासून पुढील काही महिने कमी-अधिक खुराक देऊन त्यांची पुढील वाढ पाहण्यात आली. चांगला खुराक मिळालेल्यांच्या रक्तात पोष ग्रंथीचा संकेत अधिक वाढला, ते लवकर वयात आले आणि त्यांची वृषणे मोठी झाली. ज्यांना त्या महिन्यांत कमी मिळाले, त्यांना नंतर कितीही भरपूर दिले तरी वयात येण्याचा उशीर आणि वृषणांचा लहानपणा भरून निघाला नाही.